चार ओळींतली ओळख आणि एक बाण

नागपुरात नवा माणूस भेटला की प्रश्न ठरलेले. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, कॉलेज कोणतं. आडनावावरून जात आणि कॉलेजवरून लायकी, हा हिशेब चहा येईपर्यंत समोरच्याच्या डोक्यात पूर्ण झालेला असतो. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. सदर आणि सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो, आणि ‘मग इंजिनिअरिंग नाही केलं?’ हे मला आजही विचारलं जातं. म्हणूनच गीक कोड, म्हणजे संगणकवेड्यांनी आपली ओळख अक्षरा-चिन्हांत लिहायची पद्धत, पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, अरे, इथे कोणीतरी योग्य प्रश्न विचारतंय.

रॉबर्ट हेडन यांनी १९९३ मध्ये हा कोड काढला. तेव्हा ईमेलच्या आणि यूजनेट या जुन्या चर्चामंचावरच्या संदेशाच्या तळाशी लोक सही जोडत. दोन डॅश, एक रिकामी जागा आणि त्याखाली जास्तीत जास्त चार ओळी, असा शिरस्ता होता. त्यापेक्षा लांब सही म्हणजे उद्धटपणा. चेहरा नाही, आवाज नाही, त्या चार ओळींत काय तो माणूस मावायचा. हेडन यांनी त्यासाठी अक्षरं ठरवली. सुरुवात जी-नं, मग तुमचा प्रांत: जीसीएस संगणकशास्त्रवाले, जीई अभियंते, जीएम गणितवाले. आणि एक जीएटी, पडेल ते काम करणारे. माझा प्रांत तोच. डिग्रीवाल्यांच्या शेजारी, त्याच यादीत, त्याच मापाच्या अक्षरांत.

पुढे एकेक आवड. सी म्हणजे संगणक, यूएल म्हणजे युनिक्स घराण्यातली लिनक्स ही संगणकप्रणाली, पी म्हणजे पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा, ई म्हणजे ईमॅक्स हा मजकूर लिहायचा एडिटर. कपडे, वय, उंची-वजन यांनाही अक्षरं होती. आवड जितकी जास्त तितकी अधिकची चिन्हं, नावड असेल तर वजा. पण मला खरी किंमत वाटते ती सोबतच्या छोट्या खुणांची. $ म्हणजे यावर माझं पोट चालतं. ! म्हणजे या विषयावर मी बोलणार नाही. ? म्हणजे याबद्दल मला काही ठाऊक नाही. आणि > म्हणजे आज मी इथे आहे, जायचं तिकडे आहे. सी++>$ असं लिहिलं की कळायचं: संगणकात बरी गती आहे, एक दिवस यावर कमवायचंय.

माझ्या विशीतलं सगळं आयुष्य त्या पाच चिन्हांत आहे. मुलाखतीच्या टेबलावर ‘मी अजून शिकतोय’ म्हणालो की समोरचा फाइल मिटायचा. इथे ते वाक्य कोडाच्या व्याकरणातच बसवलेलं होतं. हेडन यांचं हे मोठेपण कमी लोक बोलून दाखवतात, म्हणून मी दाखवतो.

नावाऐवजी खूण ही रीत अर्थात जुनी आहे. हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांचं बघा. हवेत कोणी आडनाव विचारत नाही, कॉलसाइन विचारतं, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली अक्षरा-आकड्यांची खूण. व्हीयू२ किंवा व्हीयू३ ऐकलं की जगाला कळतं, माणूस भारतातला. राजीव गांधींची कॉलसाइन व्हीयू२आरजी होती. धंतोलीतले एक ओळखीचे काका अजूनही फोन ठेवताना ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात, तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला सदिच्छांचा आकडा. त्या एका आकड्यावर त्यांची परक्या माणसांशीही दोस्ती जमलेली मी पाहिली आहे.

हल्ली दर शनिवारी संध्याकाळी शंकरनगरला संगणकवेडी पोरं जमतात, त्यांच्याकडे नव्या खुणा आहेत. ‘बाय द वे, मी आर्च वापरतो’ हे एक; आर्च म्हणजे लिनक्सची एक अवघड समजली जाणारी आवृत्ती, म्हणजेच डिस्ट्रो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, डिस्ट्रोचा लोगो झळकवून काढलेला स्क्रीनशॉट हे दुसरं. दुसऱ्याचा प्रोग्राम तपासून झाला की ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘लुक्स गुड टू मी’. मला ही पोरं फार आवडतात. पण त्यांच्या खुणांत एक उणीव मला बोचते: सगळ्या पोहोचलेल्यांच्या आहेत, निघालेल्यांची एकही नाही. हिंगण्याहून येणारा एक मुलगा रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. मी त्याच्या प्रोफाइलसाठी बाणासकट एक ओळ लिहून दिली. तो म्हणाला, ‘दादा, हा बाण कायले काढला? येत नाही हे लोकायले दिसन ना.’ मी म्हटलं, दिसू दे. ज्याला शिकवायचं असेल त्यालाही ते दिसेल. त्यानं बाण ठेवला.

जुना कोड आहे तसा उचलून मात्र आपलं भागणार नाही. १९९६ च्या ३.१२ आवृत्तीत स्टार ट्रेक मालिकेसाठी टी आहे, बॅबिलॉन ५ मालिकेसाठी ५ आहे, डूम या खेळासाठी डी आहे. आपण बोलतो-लिहितो त्या भाषेसाठी अक्षर नाही. हेडन यांनी आजूबाजूचे लोक पाहून कोड लिहिला, ते ठीकच. आपण आपले लोक पाहून लिहावा. मराठीत संगणकावर जीव लावणारा माणूस मला कशावरून ओळखू येतो? श्री-लिपी या जुन्या फॉन्टप्रणालीतल्या फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात आणण्यासाठी त्यानं स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली असेल, तर लगेच. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर न बघता टंकत असेल तर. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक त्याच्या कळफलकावर जिवंत असेल तर हमखास. तो ऱ्य उमटवायला सहसा युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं अक्षर लागतं, आणि ज्यानं ते शोधून काढलं त्यानं भाषेसाठी थोडी खटपट केलेली असते. अशा माणसाशी मी दोन तास बोलू शकतो.

म्हणून आम्ही शनिवारवाल्यांनी आपली अक्षरं जोडली आहेत. म म्हणजे मराठीत किती लिहिता, इ म्हणजे इनस्क्रिप्ट, फ म्हणजे जुन्या फॉन्टांशी झुंज, आणि ल म्हणजे लाइट गेल्यावरही काम चालू ठेवण्याची तयारी. नागपूरच्या मे महिन्यात ल ला चारही अधिक मिळवणारे आमच्यात बरेच निघाले. माझी सही आता अशी आहे:

जीएटी यूएल+++$ पी+ !ई म++++ इ+++ फ++ ल++++ ओ>++

ईमॅक्सपुढे उद्गारचिन्ह आहे, कारण ईमॅक्स बरा की दुसरा एडिटर, या जुन्या वादात मला पडायचं नाही. शेवटचा ओ म्हणजे छापील मराठी पानांचं ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेणं. त्यातलं मला अजून काही येत नाही, पण आजोबांची जुनी मासिकं कपाटात आहेत आणि स्कॅनर गेल्या आठवड्यात आणला. कोणी शिकवणार असेल तर शनिवारी शंकरनगरला या.