जुना स्कॅन आहे का?

फुप्फुसात गाठ दाखवणारा सी.टी. स्कॅन समोर आला की मी रुग्णाकडे आधी जुन्या तपासण्या मागतो. ‘गाठ साधी आहे की कर्करोगाची, तेवढे सांगा’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो.

काही गाठी पहिल्याच नजरेत निकाल देतात. मध्यभागी किंवा पॉपकॉर्नच्या लाहीसारखे साचलेले कॅल्शियम, अथवा गुळगुळीत कडेच्या गाठीत स्पष्ट दिसणारी चरबी असेल, तर ती बहुधा साधीच असते. उलट सूर्यकिरणांसारखे काटे फुटलेली कड, फुप्फुसाच्या वरच्या खंडातील जागा आणि धूम्रपानाचा इतिहास एकत्र आले की संशय बळावतो. तरीही क्षयाचा जुना व्रण काटेरी दिसू शकतो, तर दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाची गाठ कित्येकदा अगदी गोल आणि गुळगुळीत असते. पेशी किती साखर वापरतात हे दाखवणारा पेट (PET) स्कॅनही फसवतो: क्षयाची गाठ त्यात उजळते आणि कार्सिनॉइड हा संथ वाढणारा कर्करोग मात्र मंदच राहतो.

म्हणून माझा अधिक विश्वास काळावर आहे. कर्करोगाच्या घन, म्हणजे भरीव दिसणाऱ्या, गाठीचे आकारमान साधारणतः 400 दिवसांच्या आत दुप्पट होते. परंतु दुप्पट म्हणजे व्यास दुप्पट नव्हे. 8 मिलिमीटरची गाठ 10 मिलिमीटर झाली, की आकारमान जवळजवळ दुप्पट झालेले असते. गोची अशी, की दोघांनी मोजले तर एवढा फरक केवळ मोजण्यातही पडू शकतो. त्यामुळे जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवून, एकाच पद्धतीने मोजाव्या लागतात. घन गाठ दोन वर्षे जैसे थे राहिली, तर ती सहसा साधी मानतात. धुरकट काचेसारखी दिसणारी गाठ फार संथ वाढत असल्याने तिच्यावर पाच वर्षे लक्ष ठेवतात. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, धोका कमी असलेल्या व्यक्तीतील 6 मिलिमीटरपेक्षा लहान घन गाठीसाठी पुन्हा स्कॅनचीही गरज नसते, हे सांगूनही पटत नाही, तो भाग वेगळा.

एका रुग्णाच्या खालच्या खंडात 7 मिलिमीटरची घन गाठ होती आणि छातीचा जुना स्कॅन नव्हता. मात्र तीन वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी पोटाचा सी.टी. काढलेला होता. पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या काही छेदांत (आडव्या कापांच्या प्रतिमांत) फुप्फुसाचा तळ येतोच. त्यातल्या तिसऱ्या छेदात तीच गाठ होती, तेवढीच.