एका शब्दासाठी परत जिना चढले

नववीतल्या मुलीच्या हातात शाळेने दाखला ठेवला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘शिस्तभंग’. तिचा गुन्हा एवढाच, की परिपाठाला ती राष्ट्रगीताला उभी राहायची, पण म्हणायची नाही. घरचे ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाचे. देवाखेरीज कशाचंही स्तवन करायचं नाही, हा त्यांचा विश्वास.

वडील म्हणाले, “मॅडम, भांडण नको. तीन आठवड्यांवर परीक्षा आहे. पोरीला वर्गात बसू द्या, एवढंच.”

वकील म्हणून माझा हात रिट अर्जाकडे, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट हायकोर्टात करायच्या याचिकेकडेच, वळत होता. पण हायकोर्टात तारीख लागेपर्यंत परीक्षा उरकली असती, म्हणून आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मुलगी आठवीत असती तर काम सोपं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरं होईपर्यंत मुलाला काढताच येत नाही. तिचा सहावीतला भाऊही गात नव्हता, पण त्याला शाळेने हात लावला नाही. म्हणजे कलम शाळेलाही माहीत होतं!

सुनावणीला मुख्याध्यापकांनी परिपत्रक वाचून दाखवलं: सर्वांनी गायलंच पाहिजे. मी ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ हा निकाल पुढे ठेवला. त्याच पंथाची तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत. २६ जुलै १९८५ ला शाळेने त्यांना काढलं. केरळ हायकोर्टात ती हरली आणि ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयात जिंकली. या निकालातली सहिष्णुतेवरची शेवटची वाक्यं भाषणांत फार वापरली जातात. मला कामाचा वाटतो तो त्याआधीचा रूक्ष भाग. मूलभूत हक्कावर मर्यादा घालायला कायदा लागतो, खात्याचं परिपत्रक पुरत नाही. आणि १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्यात गुन्हा आहे तो राष्ट्रगीत मुद्दाम रोखण्याचा किंवा म्हणणाऱ्यांत व्यत्यय आणण्याचा. गप्प उभं राहणं त्यात येत नाही.

अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी झेंडावंदन नाकारलं, तेव्हा १९४० मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय शाळेच्या बाजूने गेलं आणि त्यानंतर गावोगाव या लोकांवर जमाव चालून गेले. तीन वर्षांत, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. हे सांगायची तयारी करून गेले होते, पण शिक्षणाधिकारी साहेबांनी मला थांबवून थेट मुलीलाच विचारलं, “का म्हणत नाहीस गं?”

मी हरकत घेणार, तोवर ती बोललीसुद्धा. “सर, मी उभी राहते. शेवटपर्यंत. म्हणणं ही आमच्यात प्रार्थना होते.”

साहेब पीटीच्या सरांकडे वळले. “हिने कधी गडबड केली?”

“गडबड...” सर मुख्याध्यापकांकडे बघत राहिले. “नाही साहेब. चुळबुळ बाकीची पोरं करतात.”

मुख्याध्यापकांनी परिपत्रकाची घडी घातली. मला त्यांचा राग आला नाही, हे कबूल करते. दोन पालकांनी तक्रार केली होती आणि संस्थाचालकांचे फोन येत होते. हा माणूस घाबरला होता.

“उद्यापासून बसव रे तिला,” साहेब म्हणाले. मी लेखी आदेशासाठी अडून बसले. तोंडी आदेश पुढच्या सोमवारपर्यंतही टिकत नाही, हे अनुभवाने कळलंय. पावणेसहाला जावक क्रमांक पडलेला कागद हातात आला. मी सही आणि शिक्का बघून तो पिशवीत टाकला.

खाली आल्यावर वडिलांनी कागद मागितला. बोट ठेवत सावकाश वाचला.

“मॅडम, ‘तात्पुरता प्रवेश’ म्हणजे?”

मी तो शब्द वाचलाच नव्हता. बावीस वर्षांच्या वकिलीनंतर! तशीच परत जिना चढले. लिपिकाने संगणक बंद करून डबा पिशवीत घातला होता. साहेब जिन्यातच भेटले. त्यांनी कागद पाहिला, कपाळाला आठी घातली आणि लिपिकाला हाक मारली. संगणक सुरू व्हायला जो काही वेळ लागला, तेवढ्यात मुलगी बाकावर बसून मैत्रिणीच्या वहीतून बुडालेल्या अकरा दिवसांचं बीजगणित उतरवून घेत होती.