रेफरन्स अडकला तीन दिवस

मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते तेव्हाची गोष्ट. बारावीची मुलगी, परीक्षा तोंडावर आणि डावा पाय लुळा. भरती, रक्त, एमआरआय पटापट झालं, सगळं नॉर्मल. शुक्रवारी रेसिडेंटनी कॉल बुकात सायकियाट्रीचा रेफरन्स लिहिला, म्हणजे मानसोपचारवाल्यांना बघायला बोलावलं, आणि तिथेच गाडं रुतलं.

वॉर्डबॉय मामा बुक घेऊन गेले तेव्हा ओपीडी उठली होती. शनिवारी उत्तर आलं, आधी न्यूरोचं, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांचं, मत घ्या. न्यूरोवाले म्हणाले, एमआरआय नॉर्मल आहे, आमचं काय काम? मग रविवार. तोवर वॉर्डाने निदान करून टाकलं होतं: नाटक करतेय. ड्युटी बदलताना ओव्हर देतात, तेव्हा आमच्याच एका सिस्टरने ते हसत सांगितलं, तेही तिच्या खाटेपाशी. रात्री पोरीने ताट परत पाठवलं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, कोणी नसलं की चालते बघा. मीही रात्रभर टपून बसले, लाज वाटते सांगायला. ती एकदाच उठली, बाथरूमला, कॉटला धरून, आणि पडता पडता वाचली. हे कन्व्हर्जन: नस शाबूत असूनही अवयव चालेनासा होतो. असा पेशंट पडला तर हाड खरंच मोडतं. कठडे लावा, दाबाची जखम होत नाही ना, टाचा रोज बघा.

सोमवारी न्यूरोचे सर आले. म्हणाले, डावी टाच गादीत दाब. जोर शून्य. मग उजवा पाय वर उचलायला लावला, तर त्याच डाव्या टाचेखाली सरांच्या तळहाताला चांगला दाब लागला. ही हूव्हरची खूण, १९०८ सालची. मशीन नको, दोन मिनिटं पुरतात. सरांनी ते तिला आणि आईला दाखवलं: नस शाबूत आहे, पाय मुद्दाम हलवायला गेलं की हुकूम अडकतो, ती खोटं बोलत नाही. आई रडली.

पुढचं सोपं गेलं. पायाची चौकशी कमी, बाकी गप्पा जास्त. फिजिओ ठरल्या वेळी. आईला भरवणं बंद करायला सांगितलं. भोवतीची गर्दी आधी हटवली होती. हो, राहिलंच: नवी तक्रार आली तर 'तेच असेल' म्हणू नका, बीपी-नाडी बघून डॉक्टरांना कळवा. आणि केसपेपरवर दिसलं तेवढंच लिहा, 'नाटक' नको.

नवव्या दिवशी ती काठी घेऊन घरी गेली. सायकियाट्रीची 'सीन', म्हणजे पेशंट पाहिला, अशी सही बुकात पडली मंगळवारी. वेळेचा रकाना कोराच.