‘तब्येत सुधारली’

मे २०२३ मध्ये कर्वेनगरच्या एका मंगल कार्यालयात मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते. पंगतीत वाढप सुरू असताना नात्यातल्या एका वयस्कर आत्यांनी माझा दंड हातात धरला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं, तब्येत चांगलीच सुधारली की तुझी!” अंगावर मांस चढणे याला आपल्याकडे तब्येत सुधारणे म्हणतात, आणि आत्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते. आदल्या पावसाळ्यात मी कित्येक दिवस अंथरुणातून जेमतेम उठत होते आणि आता माझी तब्येत खरोखरच सुधारलेली होती, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर मी नैराश्यावरच्या दोन्ही गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली आणि कोणालाही न सांगता त्या घेणे बंद केले.

त्यामुळे माझे जे नुकसान झाले ते टाळता आले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पुढे गोळ्यांची नावे आणि मात्रा येतील त्या माझ्या प्रकृतीसाठी माझ्या डॉक्टरबाईंनी ठरवलेल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून कोणी स्वतःच्या गोळ्यांत फेरफार करू नये.

जुलै २०२२ मध्ये मला नैराश्याचे निदान झाले तेव्हा माझी झोप दोन-अडीच तासांवर आली होती, अन्नाचा घास तोंडात फिरत असे आणि वजन ६१ किलोवरून ५४ वर उतरले होते. सुरुवातीला एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी मिळाली. या वर्गातल्या गोळ्यांचा उपयोग जाणवायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, मात्र मळमळ, पोट बिघडणे, डोके दुखणे हे त्रास पहिल्याच आठवड्यात हजर होतात, म्हणजे सगळ्यात कठीण दिवसांत गोळी फक्त त्रासच देते आहे असे वाटत राहते. डॉक्टरबाईंनी हे आधीच सांगितले होते, म्हणून मी टिकले. नाश्त्यानंतर गोळी घेऊ लागल्यावर मळमळ दहा-बारा दिवसांत गेली. मन थोडे वर येऊ लागले, पण झोप आणि भूक परतली नाही. तेव्हा रात्रीसाठी मिर्टाझापीन १५ मिलिग्रॅम सुरू झाली आणि पहिल्याच रात्री मी सात तास झोपले. त्या सकाळची आठवण माझ्या मनात आजही फार मोलाची आहे.

मिर्टाझापीन मेंदूतील हिस्टामीन या रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटते त्या जागांना, अडवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते तीही याच वाटेने. शिवाय सेरोटोनिन या मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनाच्या एका ग्राहीलाही ती रोखते, आणि या दोन्हींचा परिणाम भुकेवर होतो. ज्याचे अन्न तुटले आहे अशा रुग्णाला ही गोळी मुद्दाम देतात ती यासाठीच. पहिले तीन महिने वजन वाढत होते ते गेलेले भरून येत होते, आणि ५४ वरून पुन्हा ६१ होणे हा आजार हटत असल्याचाच भाग होता. पण काटा ६१ वर थांबला नाही. मे महिन्यापर्यंत तो ६९ वर गेला होता.

या भुकेचे वर्णन करायला मराठीत ‘खा खा सुटणे’ हाच शब्दप्रयोग योग्य आहे. साडेआठला नीट जेवण होई, साडेनऊला गोळी, आणि दहा वाजता मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी असे. पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी, मग दूध-पोहे, मग डब्यातली खारी. पोट भरलेले असूनही हात थांबत नसे, आणि तोंडाला हवे असे ते नेहमी गोड किंवा पिठूळ. सकाळी स्वतःची इतकी शरम वाटे, की मी दुपारचा डबा तसाच परत आणत असे; अर्थातच रात्री भूक दुपटीने येई. हा गोळीचा परिणाम आहे हे माहीत असूनही मी तो आपल्या संयमाचा दोष समजत राहिले. नैराश्यात माणूस स्वतःला दोष देण्याचे कारण शोधतच असतो, आणि वजनकाट्याने ते मला दर रविवारी आयते पुरवले.

गोळ्या बंद केल्यानंतर तिसऱ्या दिवशी नळ स्टॉपच्या चौकात सिग्नलला स्कूटरवर बसलेले असताना डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखे झाले. पुढचे दोन आठवडे मान वळवली की तोच झटका, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने आणि क्षुल्लक कारणावरून रडू. गोळी एकदम तोडल्याची ही लक्षणे आहेत हे नंतर कळले. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन या नैराश्यावरच्याच औषधांबाबत ती अधिक तीव्र असतात, तर शरीरात दीर्घकाळ राहणाऱ्या फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत कमी. पाचव्या आठवड्यात झटके थांबले होते, पण पहाटे चारला छातीवर दगड ठेवल्यासारखी जाग येऊ लागली. ती जाग मला ओळखीची होती. वजन त्या काळात दोन किलोंनी उतरले आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्याचा आनंद झाला.

पाकिटे यजमानांच्या हाती लागली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “मला सांगायचं होतंस. आता उद्याच जाऊ.” डॉक्टरबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मळमळ झाली तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केलात. आठ किलो वजन वाढलं, ते का नाही सांगितलंत?” मी म्हणाले, “लाज वाटली.” त्या म्हणाल्या, “दोन्ही एकाच यादीतले दुष्परिणाम आहेत. दोन किलोंना सांगितलं असतंत, तर आपण तेव्हाच काही करू शकलो असतो.” चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही लिहून दिला, रात्री-अपरात्री मन फार खाली गेले तर लावण्यासाठी. तिथे मराठीतही बोलता येते.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कमरेचे माप घेतले गेले. ते ८८ सेंटिमीटर भरले. भारतीय स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानतात, पुरुषांसाठी ९०. थायरॉईड, कोलेस्टेरॉल आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, तपासले. थायरॉईड ठीक होते, एचबीए१सी ५.८ निघाले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्यात. आपल्या भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनाकडे पाहून का चालत नाही, हे पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवून दिले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली. दोघांच्या छायाचित्रासह ही नोंद २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्याकडे म्हणूनच हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात आणि २५ पासून स्थूलता. माझा २८ झाला होता. माझ्या वडिलांना मधुमेह होता. तेव्हा वजनाची चिंता ही केवळ दिसण्याची नव्हती, आणि ती क्षुल्लक समजून गप्प बसणे ही माझी दुहेरी चूक होती.

एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम पुन्हा सुरू झाली आणि झोपेपुरती मिर्टाझापीन ७.५. गोळी निम्मी केली म्हणजे भूकही निम्मी होईल हा माझा हिशेब मात्र चुकला, कारण या औषधाचा गुंगी आणणारा परिणाम कमी मात्रेतही भरपूर असतो आणि माझ्या बाबतीत खा खा देखील तशीच राहिली. दोन महिन्यांनी मन स्थिर झाल्यावर ती हळूहळू पूर्ण थांबवली. ब्युप्रोपियॉन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाचा विचार झाला होता, कारण त्या औषधाने वजन सहसा वाढत नाही. पण माझ्या आजारात अस्वस्थता आणि निद्रानाश प्रबळ होते आणि ते त्याने वाढण्याची शक्यता होती. फिट येण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांना ते देत नाहीत हेही तेव्हा समजले. २०२४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १,८३,००० प्रौढांच्या नोंदींवर आधारलेली तुलना आली, तीत सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या आणखी एका गोळीच्या मानाने एसिटालोप्राम घेणाऱ्यांचे वजन थोडे अधिक आणि ब्युप्रोपियॉन घेणाऱ्यांचे कमी वाढलेले दिसले. ती घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तिच्यातलाच आकडा दाखवला: सहा महिन्यांत एसिटालोप्राम आणि सर्ट्रालीन यांच्यातला सरासरी फरक अर्ध्या किलोपेक्षाही कमी होता. जी गोळी मला लागू पडली आहे, ती एवढ्यासाठी बदलायची का, हे दोघींनी मिळून ठरवले आणि बदलली नाही. निर्णयापेक्षा तो दोघींनी मिळून घेतला, याचे मला अधिक समाधान आहे.

मिर्टाझापीन चालू होती त्या काळात सर्वाधिक उपयोग झाला तो एका साध्या बदलाचा: डॉक्टरांना विचारून गोळी दात घासून, अंथरुणावर बसल्यावर घेणे, म्हणजे भूक जागी होईपर्यंत झोप लागलेली असते. दुसरे म्हणजे उपाशी राहणे बंद केले. सकाळी मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी, दुपारच्या डब्यात मटकीची उसळ आणि एक भाकरी, संध्याकाळी पाचला मूठभर फुटाणे आणि ताक; दिवसा प्रथिने पोटात गेली, की रात्रीची खा खा निदान सहन करण्याजोगी होते. खारी, टोस्ट, बाकरवडी घरात आणणे थांबवावे ही विनंती मी सासूबाईंना केली तेव्हा त्यांनी कारण विचारले, आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना गोळ्यांबद्दल सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून डबे त्यांच्या खोलीतल्या कपाटात गेले. एवढा आधार मला कोणत्याही आहारतक्त्याने दिला नसता.

व्यायामासाठी वेताळ टेकडी. सुरुवातीला चढ पाहूनच रडू येई, म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस फक्त पायथ्यापर्यंत जाऊन परतत असे. खाणीच्या तळ्यापर्यंत न थांबता पोहोचायला चार महिने लागले. चालण्याने वजन फारसे उतरले नाही हे प्रामाणिकपणे सांगते. मात्र सकाळचे ऊन आणि चढ यांनी झोप सुधारली, आणि मिर्टाझापीन थांबवता आली त्यात टेकडीचा वाटा आहे असे मी मानते. त्याआधी एका व्यायामशाळेत नाव घातले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी गोळ्यांचे नाव ऐकताच त्या बंद करून आपल्याकडची चूर्णाची पुडी घ्यायला सांगितली. घटक विचारले तर “सगळं हर्बल आहे” एवढेच उत्तर मिळाले. वजन कमी करण्याच्या ‘नैसर्गिक’ पुड्यांमध्ये सिब्युट्रामीनची भेसळ जगभर वेळोवेळी सापडलेली आहे. हृदयाला धोका असल्याने भारतात २०११ मध्ये बंदी आलेले हे औषध एसिटालोप्रामसारखेच सेरोटोनिनही वाढवते, त्यामुळे आमच्यासारख्या गोळ्या घेणाऱ्यांना ते अधिकच घातक आहे. त्या व्यायामशाळेत मी पुन्हा गेले नाही.

इतर त्रासांपैकी घाम अजूनही येतो, विशेषतः मानेला, आणि त्यासाठी सुती कपडे एवढाच उपाय मला सापडला आहे. बद्धकोष्ठाला इसबगोल पुरले. दाढदुखीसाठी आयबुप्रोफेन घ्यायला निघाले होते तेव्हा औषधाच्या दुकानातल्या काकांनी थांबवले. एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तोवर मला ठाऊक नव्हते. आणि एका त्रासाबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते: शरीरसंबंधाची इच्छा जवळजवळ नाहीशी झाली होती. हाही या गोळ्यांचा अत्यंत सामान्य दुष्परिणाम आहे, स्त्रियांना आणि पुरुषांनाही होणारा, आणि मळमळीसारखा तो आपोआप जाईलच असे नसते. मी वर्षभर तो संसाराच्या थकव्याच्या नावावर घातला आणि यजमानांनी तो स्वतःच्या मनाला लावून घेतला. डॉक्टरबाईंसमोर दोघांनी बसून बोलल्यावर निदान त्यांच्या मनातला तो सल गेला; त्रास काही अंशी अजून आहे.

आज वजन ६४ आहे, कंबर ८२, एचबीए१सी ५.५. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी करते आणि वहीत आकड्याशेजारी झोपेचे तास आणि मनाची अवस्थाही लिहिते, कारण नुसता आकडा पाहिला की मला अजूनही त्या लग्नाचा मांडव आठवतो. मागच्या महिन्यात त्याच आत्या भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, “काय गं, उतरलीस? बरी आहेस ना?” मी त्यांना बाजूला बसवून तीन वर्षांची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी विचारले, “मग गोळ्या चालू आहेत ना अजून?” मी म्हणाले, “आहेत.” पुढच्या भेटीसाठी वहीत दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत: मात्रा कमी करण्याचा विचार आता करता येईल का, आणि आला तर तो पावसाळा संपल्यावर करावा का.