टो बसवला म्हणजे अलाइनमेंट झाली असे नाही

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारापर्यंत माझ्या पिकअपच्या आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या होतात. अशाच एका फेरीवरून परतल्यावर पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेला तारा दिसू लागल्या होत्या. बाहेरच्या कडेची नक्षी मात्र अजून निम्म्याहून अधिक शिल्लक होती. याच गाडीची अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, मी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी करून घेतली होती आणि पावतीवर तसे स्पष्ट लिहिलेही होते, त्यामुळे आधी राग टायरवर आला. टायरचा दोष नव्हता, हे नंतर कळले.

त्या पहिल्या दुकानात नेमके काय झाले होते, ते आता आठवून लिहितो. गाडी आत घेतली, चाकांना सेन्सर लावले, कारागिराने एका बाजूच्या टाय रॉडचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचे, नट सैल करून तो थोडा फिरवला, पडद्यावरचा आकडा हिरवा झाला आणि वीस मिनिटांत गाडी बाहेर आली. गाडीखाली कोणी डोकावले नाही, चाक उचलून हलवून पाहिले नाही, टायरमधली हवासुद्धा तपासली नाही. एकाच बाजूचा टाय रॉड फिरवल्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचे चाक उजवीकडे कलंडलेले राहू लागले, आणि ‘सवय होईल’ असे मला सांगण्यात आले. मी ते ऐकून घेतले, ही माझी चूक.

त्या दुकानात बसवला गेला तो फक्त टो. टो म्हणजे दोन्ही पुढची चाके वरून पाहिल्यास पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती वळलेली आहेत किंवा एकमेकांपासून किती फाकलेली आहेत, ते माप. हे माप दिसायला क्षुल्लक असते, परंतु त्याचा हिशेब करून पाहिल्यावर मी चरकलो. टायरचा व्यास साधारण 700 मिमी धरला आणि दोन्ही चाकांचा मिळून टो 3 मिमीने चुकलेला असला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे दोन मीटर आडवे घासले जाते. म्हणजे शंभर किलोमीटरांच्या प्रवासात ते रस्त्यावर दोनशे मीटर आडवे ओढल्यासारखेच झाले. ही घासण तळहातालाही कळते. नक्षीवरून हात आडवा फिरवला असता बाहेरून आत येताना कडा बोचत असतील आणि आतून बाहेर जाताना हात सुळकन सरकत असेल, तर चाके पुढे फाकलेली आहेत. याच्या उलट जाणवले, तर ती जास्त आत वळलेली आहेत. माझ्या टायरवर पहिला प्रकार होता.

कॅम्बर आणि कॅस्टर ही दोन मापे मात्र त्या दुकानात कोणी काढलीच नव्हती. चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकला आहे, तो कॅम्बर. ज्या तिरक्या अक्षाभोवती चाक वळते, तो अक्ष बाजूने पाहिल्यास मागे किती कलला आहे, तो कॅस्टर. स्टिअरिंग सोडल्यावर चाके आपोआप सरळ होतात, त्याचे मुख्य श्रेय याच कोनाला जाते. कॅस्टर चाक स्थिर ठेवून मोजता येत नाही. चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना, बहुधा 20 अंशांपर्यंत, वळवावी लागतात. ज्या दुकानात चाके अशी वळवलीच गेली नाहीत, तिथे कॅस्टर मोजला गेला नाही, एवढे खुशाल समजावे.

सर्वच पिकअपना ही तिन्ही मापे जुळवण्याची सोय नसते, हेही खरे. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असलेल्या गाडीत रोजच्या कामात टो एवढाच बदलता येतो. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स यांच्यासारख्या गाड्यांत पुढे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे असतात. माझी गाडीही याच रचनेची असून तिच्या खालच्या आर्मला कॅम बोल्ट आहेत. ते फिरवले की आर्म किंचित आत-बाहेर सरकतो आणि कॅम्बर व कॅस्टर दोन्ही बदलतात.

नाशिकमधल्या दुसऱ्या एका कारागिराने मला आल्या आल्याच थांबवले. ‘‘भाऊ, आधी जॅक लावून बघू, मशीन नंतर,’’ असे तो म्हणाला, आणि तिथेच माझा अर्धा विश्वास बसला. चाक उचलून त्याने वर-खाली धरून हलवले, मग आडवे धरून हलवले. पहिल्या पद्धतीत बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) आणि बेअरिंगचा ढिलेपणा कळतो, दुसरीत टाय रॉडच्या टोकाचा. दोन्ही ठीक होते. नंतर त्याने खालच्या आर्मला पहार लावून रेटले, तेव्हा आर्मच्या सांध्यातला डावा मागचा रबरी बुश फाटलेला दिसला आणि आर्म बोटभर मागे सरकला. कसाऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात भरल्या गाडीचे डावे चाक जोरात आदळले होते, ते मला तेव्हा आठवले. दुकानात उभ्या गाडीचा टो बरोबर दिसत होता, पण रस्त्यावर, आणि विशेषतः ब्रेक दाबल्यावर, ते चाक मागे ढकलले जाऊन बाहेर वळत होते. फाटक्या बुशवर बसवलेल्या टोला काहीच अर्थ नव्हता.

नवे बुश बसवल्यावर, टायरमधली हवा सारखी करून, मगच गाडी मशीनवर गेली. डावा कॅस्टर 1.6 अंश निघाला आणि उजवा 2.7. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणून ती इतके दिवस डावीकडे जात होती आणि मी मात्र रस्त्याच्या उताराला दोष देत होतो. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डाव्या कडेकडे उतरते असतात, हे खरेच आहे, आणि त्यासाठी कारागिराने शेवटी डावा कॅस्टर उजव्यापेक्षा मुद्दाम किंचित जास्त ठेवला. आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, हा क्रम त्याने कटाक्षाने पाळला, कारण पहिले दोन बदलले की टो हलतोच. टो बसवताना स्टिअरिंग मध्यावर बांधून दोन्ही टाय रॉड फिरवले. मागचा अ‍ॅक्सल जुळवता येत नसला तरी तो तिरका बसलेला नाही ना, हेही मोजले. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी कोल्ह्यासारखी तिरकी धावू लागते.

माझी एक शंका उरली होती: गाडी बहुतेक वेळा भरलेली असताना रिकाम्या गाडीची मापे कशाला घ्यायची? उत्तर असे मिळाले की कंपनीने दिलेली मापे ज्या स्थितीची असतात, त्याच स्थितीत मोजावे, आणि ती सहसा रिकाम्या गाडीची असतात. घरी येऊन मी हिशेब केला. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे 3,100 मिमी असेल, तर मागची बाजू 54 मिमी खाली बसल्यावर कॅस्टर साधारण एका अंशाने वाढतो. क्रेट भरल्यावर माझ्या गाडीचे स्टिअरिंग का बदलल्यासारखे वाटते, ते त्यातून उलगडले.

कामाच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मापे असलेला छापील कागद मी मागून घेतला आणि गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. नव्या टायरची नक्षी आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजत असतो. सहा हजार किलोमीटर झाले, तिन्ही ठिकाणच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक अजून आलेला नाही.