वर्गमूळ, वर्ग आणि ताळा

सोलापूरच्या पूर्व भागात मी अकरावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. करणीचिन्ह (√) असलेले समीकरण दिसले की ही मुले दोन्ही बाजूंचा वर्ग करून मोकळी होतात. पद्धत योग्यच आहे. परंतु ३ चा आणि −३ चा वर्ग एकच असल्यामुळे वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली जाते आणि हाती येणारे समीकरण मूळ समीकरणापेक्षा सैल असते.

√(क्ष + ६) = क्ष हे समीकरण घेऊ. वर्ग केल्यावर क्ष² − क्ष − ६ = ० मिळते आणि अवयव पाडले की ३ व −२ या किमती येतात. ३ चा ताळा जुळतो. −२ ठेवल्यास मात्र डावीकडे √४ म्हणजे २ येतात आणि उजवीकडे −२ उरतात. √ हे चिन्ह कधीही ऋण मूळ दाखवत नाही, म्हणून −२ ही उकल नव्हे; ती खरे तर √(क्ष + ६) = −क्ष या समीकरणाची उकल आहे आणि वर्ग करताना आगंतुकासारखी आत शिरली आहे. म्हणूनच ताळा न पाहता सोडलेले उदाहरण मी अपुरे समजतो.

√(क्ष − ४) + ७ = ३ येथे तर वर्ग करण्याचीही गरज नाही. ७ पलीकडे नेले की वर्गमूळ −४ होते, आणि तिथेच विषय संपतो.

खरा वाद √(क्ष − २) = √(१ − क्ष) वर झाला. वर्ग केल्यावर क्ष = ३/२ येते आणि ताळ्यात दोन्ही बाजूंना √(−१/२) मिळते. "सर, दोन्हीकडं सेमच आलंय की!" असे एक मुलगी म्हणाली, आणि तिचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते, कारण संमिश्र संख्या, म्हणजे ज्यांत ऋण संख्येलाही वर्गमूळ असते अशा संख्या, चालत असतील तर ३/२ ही उकल ठरतेच. वास्तव संख्यांत मात्र ऋण संख्येला वर्गमूळ नसते. म्हणजे "उकल नाही" हे उत्तर कोणत्या संख्यांपुरते आहे, हे आधी ठरलेले असावे लागते. डाव्या मुळासाठी क्ष ≥ २ आणि उजव्यासाठी क्ष ≤ १ या अटी वहीच्या समासात आधीच लिहिल्या असत्या, तर वर्ग करण्यापूर्वीच उत्तर मिळाले असते.