आमची वाटचाल: लाल शाई आणि परत आलेले गठ्ठे

कायद्याच्या पुस्तकांच्या धंद्यातली आमची बहुतेक वर्षे सुरळीत गेली, म्हणून ती सोडून देतो. 25 डिसेंबर 2023ला तीन नव्या फौजदारी कायद्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि आमच्याच गल्लीतल्या एका प्रकाशकाने दुकानदारांत उठवून दिले, ‘भारतीय दंड संहिता संपली, माल परत करा.’ जानेवारीत गठ्ठे परत आले, कागदवाल्याचे बिल थकले, बाइंडरने फर्मे, म्हणजे छापील ताव, अडवून ठेवले.

संमती म्हणजे अंमल नव्हे. नवे कायदे लागू झाले 1 जुलै 2024ला. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 106(2) तेव्हाही बाहेरच ठेवले होते. रद्द झालेल्या मजकुरावर पुस्तकात लाल रेघ मारायची ती राजपत्रातली अंमलाची तारीख पाहून, आणि समासात निरसन करणाऱ्या, म्हणजे जुना कायदा रद्द करणाऱ्या, कायद्याचा क्रमांक व कलम लिहून. पान फाडायचे नाही, जुन्या मजकुरावर चिठ्ठी चिकटवायची नाही. तो मजकूर लागतो.

तालुका कोर्टातले आमचे एक वकीलसाहेब त्याच जानेवारीत दंड संहितेच्या वीस प्रती रोखीने घेऊन गेले. नव्या संहितेचे कलम 358, निरसन आणि व्यावृत्तीचे (जुन्या कायद्याखालचे काय शाबूत राहते ते सांगणारे), त्यांनी वाचले होते. 30 जूनच्या दुपारी झालेल्या चोरीची फिर्याद ऑगस्टमध्ये दिली, तरी कलम लागते जुने 379; नवे 303 नाही.

नवख्या मुद्रितशोधकाची ठरलेली चूक वेगळी. 2015पासून संसदेने शेकडो जुने दुरुस्ती-कायदे काढून टाकले. रद्द कायद्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूचीत, नाव दिसले की हा पठ्ठ्या त्या दुरुस्तीने मूळ कायद्यात आलेली ओळही खोडतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), 1897चे कलम 6-अ आधी वाचा: बसलेली दुरुस्ती सहसा बसलेलीच राहते. आणि निरसन करणारा कायदाच पुढे रद्द झाला, तर मेलेला आपोआप उठत नाही. तसे कायद्यात लिहावे लागते.

नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यात तर मोठमोठे फसले. केंद्राने तो 1999मध्ये रद्द केला, पण 1976चा मूळ कायदा संविधानाच्या अनुच्छेद 252खाली राज्यांच्या ठरावांवर उभा होता. म्हणून राज्याने ते निरसन स्वीकारेपर्यंत महाराष्ट्रात तो चालू राहिला, थेट 29 नोव्हेंबर 2007पर्यंत. ‘1999मध्ये रद्द’ एवढेच छापणाऱ्यांच्या प्रती आम्ही पाहिल्या आहेत. नावे घेत नाही.

ते परत आलेले गठ्ठे अजून पूर्ण किमतीत विकतो. सवलत मागू नये.